माशांच्या खाद्यातील तेल : ताजे हवे आणि दोन्ही प्रकारचे हवे

(कृषी कार्यक्रमात प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेततळे व गावतळे असणाऱ्या शेतकऱ्यांसाठी.)



आज मी आपल्याशी तळ्यातल्या माशांच्या खाद्याबद्दल बोलणार आहे. त्यातही एकाच गोष्टीबद्दल, ती म्हणजे खाद्यातले तेल. आपण म्हणाल, मासा काय भजी खातो की काय, त्याला तेल कशाला? पण कोंडा, पेंड, शेवाळ यांत जे तेल असते त्यावर माशाची वाढ आणि तब्येत बरीचशी अवलंबून असते. हे तेल चांगले असले तर मासा भरतो. ते खवट झालेले असले तर पोत्यामागून पोते टाकले तरी मासा सुकतो. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण खऱ्या अर्थाने शिकलो ती एका शेतकऱ्याचे नुकसान झाल्यावर. ते नुकसान माझ्या सल्ल्यामुळे झाले, म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

माझी चूक

मुरबाडच्या पूर्व भागातले एक शेतकरी. घरचे भात, थोडी वरकस जमीन, आणि दहा गुंठ्यांचे शेततळे. ऑगस्टमध्ये त्यांनी कटला, रोहू आणि मृगळ मिळून पाचशे बोटुकली सोडली. बोटुकलीसाठी काकूंनी बचत गटातून कर्ज उचलले होते. मेमध्ये तळे आटायच्या आत मासे काढायचे, गटाचे पैसे फेडायचे आणि उरलेल्यातून भाताचे बी आणि खत घ्यायचे, असा सरळ हिशेब होता.

दिवाळीनंतर भात भरडायला सुरुवात झाली तसा गिरणीवर कोंडा स्वस्त झाला. मी काकांना म्हणालो, "काका, आत्ताच बारा पोती भरून ठेवा. उन्हाळ्यात भाव चढेल." त्यांनी ऐकले. पोती गोठ्याशेजारच्या पडवीत, भिंतीला लागून रचली. रोज त्यातला कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग मिसळून तळ्यात जात होती. खाद्यात एक दिवसही खंड नव्हता.

म्हशाच्या जत्रेनंतर आम्ही जाळे टाकून पाहिले. मासे लांब झाले होते, पण भरले नव्हते. डोके मोठे, पाठ धारेसारखी, शेपटीकडे निमुळते. मी म्हणालो, पाण्यात दोष असेल. चुना टाकला, थोडे नवे पाणी घेतले. महिन्याने पुन्हा जाळे टाकले, तर तेच. मग मला वाटले रोग असेल. पोटॅशियम परमँगनेट झाले. फरक नाही.

तेव्हा काकू म्हणाल्या, "साहेब, रागवू नका, पण त्या कोंड्याला आमची म्हैस तोंड लावत नाही. हुंगते नि मान फिरवते. मग माशांनी तरी तो का खावा?"

मी पोत्यात हात घातला. आतून पोते कोमट लागत होते. चिमूटभर कोंडा जिभेवर ठेवला तर कडू. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. तीन महिने आम्ही हेच माशांना घालत होतो, आणि मी पाण्यात आणि रोगात दोष शोधत होतो.

त्या दिवसापासून ताजा कोंडा सुरू केला. मासे सावरले, पण वेळ निघून गेली होती. मेमध्ये जिथे पाऊण किलोच्या माशाची आशा होती, तिथे बहुतेक मासे पाव किलोच्या आसपास निघाले. गटाचे पैसे कसेबसे फिटले. बियाण्याला पुन्हा हात पसरावा लागला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. सगळा दोष एकट्या कोंड्याचा होता असे मी म्हणणार नाही. पण पुढच्या साली त्याच तळ्यात, तेवढीच बोटुकली सोडून, ताजा कोंडा आणि थोडी जवसाची भरड दिली, तेव्हा पाठ भरलेले मासे निघाले, हे खरे.

आपल्याकडे ही चूक जास्त महाग का पडते

बंधूंनो, आपल्या भागात पाऊस भरपूर, पण पाणी टिकत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही शहापूरच्या भूमीतली धरणे मुंबईची तहान भागवतात, आणि आपल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन फिरावे लागते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, त्यानंतर बऱ्याच जणांकडे तळी झाली. पण त्यांतल्या अनेक तळ्यांत पाणी आठ-नऊ महिनेच असते. तेवढ्यात मासा विकण्याजोगा झाला पाहिजे. बारमाही तलाव असणारा शेतकरी गेलेले दोन महिने भरून काढू शकतो. आपल्याला ते शक्य नाही. म्हणून आपल्याकडे खाद्याचा कस महत्त्वाचा.

तेलात असते तरी काय

तेल, तूप, चरबी ही सगळी एकाच कुळातली. ती मेदाम्लांची बनलेली असतात. मेदाम्ले पुष्कळ प्रकारची. त्यांपैकी बरीचशी प्राणी आपल्या शरीरात स्वतः तयार करतो. पण काही अशी आहेत की ती शरीरात तयार होत नाहीत, खाण्यातूनच मिळावी लागतात. अमेरिकेत १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना तेला-चरबीचा अंशही नसलेले खाणे घालून पाहिले. इतर सर्व पोषण मिळूनही त्या उंदरांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले धरले. तेव्हापासून या मेदाम्लांना 'आवश्यक मेदाम्ले' असे नाव पडले.

आपल्या माशांना अशी दोन आवश्यक मेदाम्ले लागतात. पहिले लिनोलेइक आणि दुसरे लिनोलेनिक. नावे जुळ्या भावांसारखी आहेत, म्हणून आपण त्यांना नुसते 'पहिले' आणि 'दुसरे' म्हणू. हल्ली जवसाच्या पुड्यावर 'ओमेगा-३' असे छापलेले असते, ते या दुसऱ्याचे घराणे. पहिल्याचे घराणे ओमेगा-६. शंभर किलो खाद्यात प्रत्येकी साधारण एक किलो असले म्हणजे कार्प जातीच्या माशांची गरज भागते. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस हे सगळे कार्प कुळातलेच.

ही मेदाम्ले करतात काय? माशाचे अंग ज्या लहान लहान पेशींचे बनते, त्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो पडदा मेदाचा असतो. आता बघा, थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, तूप घट्ट होते, पण जवसाचे तेल पातळच राहते. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी जेवढे गार तेवढे त्याचे अंग गार. डिसेंबर-जानेवारीत माळशेजच्या पायथ्याला पहाटे पाणी चांगलेच गारठते. अशा वेळी पेशीचा पडदा मऊ राहण्यासाठी माशाला न गोठणारा मेद लागतो, आणि तो या आवश्यक मेदाम्लांपासून तयार होतो. ती कमी पडली तर वाढ मंदावते, पर झिजतात, यकृतात नको ती चरबी साठते, आणि असा मासा थोड्याशा त्रासानेही दगावतो.

कशात कोणते मेदाम्ल असते

आपण वर्षानुवर्षे शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग देतो. ही पद्धत चांगली आहे, सोडू नका. पेंडीतून अंग वाढवणारी प्रथिने मिळतात, कोंड्यातून शक्ती आणि तेल मिळते. पहिले मेदाम्ल या दोन्हींत भरपूर आहे. दुसरे मात्र शेंगदाण्यात जवळजवळ नाहीच, आणि कोंड्याच्या तेलात शंभरात एक-दोन भाग, इतके थोडे.

डोळखांबकडून एका श्रोत्याचे पत्र आहे. ते विचारतात, "आमच्याकडे वरकस जमिनीवर खुरासणी होते. घाण्यावरची तिची पेंड माशांना चालेल का?" चालेल. शेंगदाण्याच्या पेंडीपैकी थोडा हिस्सा खुरासणीच्या पेंडीचा ठेवायला हरकत नाही. पण खुरासणीच्या तेलातही पहिलेच मेदाम्ल आहे, शंभरात साठ-सत्तर भाग. दुसरे तिच्यात नाही म्हटले तरी चालेल. म्हणून खुरासणी दिली की जवसाचे काम झाले, असे समजू नये.

दुसरे मेदाम्ल मिळण्याच्या जागा मुख्यतः दोन. पहिली जवस, ज्याला काही जण अळशी म्हणतात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग दुसरे मेदाम्लच असते. आणि दुसरी जागा म्हणजे आपल्याच तळ्यातले हिरवे पाणी. पाणी हिरवे दिसते ते त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळामुळे. या शेवाळात आणि ते खाऊन जगणाऱ्या बारीक किड्यांत दुसरे मेदाम्ल आणि त्याच्या पुढची मेदाम्ले असतात. मृगाच्या पहिल्या पावसात काळू, शाई, भातसा यांच्या ओढ्यांना वलगणीचे मासे चढतात. त्यांना कोण पेंड घालते? तरी ते अंडी-गाभोळीने भरलेले असतात. नदीत त्यांना शेवाळ, किडे, गवताचा कुजका पाला असे सर्व तऱ्हेचे खाणे मिळते. शेततळ्यात आपण पाचशे मासे एका जागी कोंडतो, तेव्हा ही भरपाई आपण करायला हवी.

खवटपणा : खरा शत्रू

भात भरडताना तांदळावरचा पापुद्रा निघतो, तो कोंडा. गिरणीत भरडेपर्यंत दाण्यातले तेल सुरक्षित असते. पण कोंड्यातच एक विकर असते. दुधात विरजण पडले की दूध बदलू लागते, तसे भरडताक्षणी हे विकर तेलाला भिडते आणि तेल फुटू लागते. दमट हवेत दिवसाला तेलाच्या शंभर भागांपैकी पाच ते सात भाग असे फुटतात. महिन्यात निम्म्याहून अधिक तेल बिघडलेले असू शकते. त्यानंतर हवा लागून जे उरले तेही खवट होते. खवट होताना तेलातली आवश्यक मेदाम्लेच आधी नासतात, आणि त्यांच्याबरोबर 'ई' जीवनसत्त्वही जाते. म्हणजे असे खाद्य पोषण देत नाहीच, वर माशाच्या अंगातले 'ई' जीवनसत्त्व खर्ची घालते.

जपानमध्ये १९६० नंतरच्या दशकात याचा चांगला अभ्यास झाला. तिकडे रेशीम काढून उरलेले सुके किडे कार्प माशांना घालत. या किड्यांत तेल पुष्कळ. ते साठवणीत खवट झाले की माशांची पाठ सुकून धारेसारखी होई. जपानी लोक या रोगाला 'सेकोके' म्हणतात. शास्त्रज्ञांनी शोधून काढले की दोष खवट तेलाचा आहे, आणि खाद्यातून 'ई' जीवनसत्त्व दिले तर रोग टळतो. हे वाचताना मला मुरबाडच्या त्या तळ्यातले मासे आठवले.

कोंडा ओळखावा कसा

गिरणीवर गेलात की पुढील गोष्टी बघा.

१. कोंडा मुठीत दाबा. चांगल्या बारीक कोंड्याचा लाडू वळतो आणि तळहाताला किंचित तेलकटपणा राहतो. हाताला बोचत असेल तर त्यात तूस जास्त आहे. हलरच्या गिरणीवरच्या कोंड्यात तूस असतेच. त्यात तेल आणि कस दोन्ही कमी, म्हणून चाळून घ्यावा.

२. वास घ्या. ताज्या कोंड्याला गोडसर, भाताचा वास येतो. उग्र किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर घेऊ नका.

३. बुरशी नसेल तरच चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर परत करा.

४. पोत्याच्या मधोमध हात घाला. कोमट लागले, गुठळ्या लागल्या तर तो कोंडा बिघडला आहे.

५. शंका असेल तर घरच्या म्हशीपुढे मूठभर ठेवा. ती नाकारील तो कोंडा तळ्यात टाकू नका. ही परीक्षा मला काकूंनी शिकवली. अजून ती खोटी ठरलेली नाही.

साठवण

कोंडा सात ते दहा दिवस पुरेल एवढाच आणावा, पावसाळ्यात त्याहूनही कमी. पोत्यावर खडूने आणल्याची तारीख लिहावी. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. गोठ्याची ओल आणि तापलेला पत्रा, दोन्हींपासून ती लांब असावीत. आधीचे पोते संपल्यावरच नवे सोडावे.

गिरणी लांब असेल आणि जास्त कोंडा आणावाच लागला, तर आणल्या दिवशीच कढईत मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे हलवत भाजावा. हात लावता येणार नाही इतका गरम झाला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या डब्यात घट्ट भरावा. भाजल्याने विकराचा जोर मोडतो आणि कोंडा काही दिवस अधिक टिकतो. मात्र आधीच खवट झालेला कोंडा भाजून ताजा होत नाही.

बाजारात तेल काढून घेतलेला कोंडाही मिळतो. तो खवट होत नाही, पण त्यात तेल राहिलेले नसते. पावसाळ्यात ताजा कोंडा मिळेनासा झाला तर हा वापरावा, आणि दहा किलो खाद्यामागे दोनशे-तीनशे ग्रॅम ताजे खाद्यतेल चोळावे.

इथे एक सावधगिरीची सूचना. नाशिक रस्त्याला वासिंद, आसनगावपासून हॉटेले आहेत. तिथले वडे-भजी तळून काळे झालेले तेल स्वस्तात किंवा फुकट मिळते. ते माशांना देण्याचा मोह काहींना होतो. असे तेल वारंवार तापून आधीच नासलेले असते. फुकट मिळाले तरी ते तळ्यात जाऊ देऊ नका.

पेंडेचे म्हणाल तर ढेप अखंड ठेवावी, लागेल तशी फोडावी. फोडलेली पेंड लवकर बिघडते. पेंडेवर हिरवी-पिवळी बुरशी दिसली तर ती पेंड माशांनाही नको आणि जनावरांनाही नको. त्या बुरशीचे विष उकळल्याने किंवा भाजल्याने जात नाही.

दहा किलो खाद्य असे करावे

शेंगदाणा पेंड : साडेचार किलो
ताजा, चाळलेला कोंडा : पाच किलो
जवसाची भरड : तीनशे ग्रॅम
खनिज मिश्रण : शंभर ग्रॅम
मीठ : शंभर ग्रॅम

पेंड रात्री भिजत घालावी. सकाळी तिच्यात बाकीचे मिसळून घट्ट गोळे करावेत. जवस अखंड घरात ठेवावे, ते महिनोन्‌महिने टिकते. पण भरडलेले जवस लवकर खवट होते, म्हणून थोडे गरम करून त्याच दिवशी भरडावे. तीनशे ग्रॅम जवसातून दुसऱ्या मेदाम्लाची निम्म्याहून थोडी अधिक गरज भागते. राहिलेली हिरव्या पाण्याने भागते.

जवस चांगले म्हणून जास्त घालू नका. जवसात थोडा विषारी अंश असतो आणि त्याच्या चिकटपणाने पचन मंदावते. तेलाचेही तेच. सगळे मिळून शंभर भाग खाद्यात सहा ते आठ भाग तेल पुरे. त्याहून फार वाढले तर माशाच्या पोटात चरबीचे गोळे होतात. वजन काट्यावर दिसते, पण साफ करताना गिऱ्हाईक ते फेकून देते आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जाते. पॉलिशच्या गिरणीचा फार तेलकट कोंडा मिळाला, तर त्यात निम्मा तेल काढलेला कोंडा मिसळावा.

किती द्यावे? तळ्यातल्या माशांच्या एकूण वजनाच्या शंभराला दोन ते तीन भाग. समजा पाचशे मासे आहेत आणि सरासरी दोनशे ग्रॅमचे आहेत, म्हणजे शंभर किलो मासा झाला. त्याला रोज दोन ते तीन किलो खाद्य. बोटुकली लहान असताना हे प्रमाण पाच भाग ठेवावे. खाद्य पसरून फेकू नये. भोके पाडलेल्या गोणीत घालून बांबूला टांगावे, किंवा टोपलीत ठेवून हातभर खोल सोडावे. दोन तासांनी बघावे. उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. कडाक्याच्या थंडीत ऊन वर आल्यावर, अकराच्या सुमारास, नेहमीच्या निम्मे द्यावे.

हिरवे पाणी राखावे

हिरवे पाणी म्हणजे जवळजवळ फुकटचे तेल. दहा गुंठ्यांच्या तळ्याला बोटुकली सोडण्याआधी पंधरा दिवस दोनशे ते अडीचशे किलो शेण आणि त्याआधी वीस-पंचवीस किलो चुना द्यावा. पुढे दर महिन्याला सत्तर-ऐंशी किलो शेण, तेही दोन-तीन हप्त्यांत.

पाणी तपासायला यंत्र नको. काठाशी उभे राहून हात पाण्यात बुडवा. कोपरापर्यंत हात गेल्यावर तळवा दिसेनासा झाला तर पाणी बरोबर आहे. कोपर बुडूनही तळवा स्वच्छ दिसतो, तर शेण कमी आहे. मनगटापाशीच तळवा नाहीसा झाला, तर पाणी अति हिरवे झाले आहे. तेव्हा शेण बंद करा आणि खाद्य कमी करा. नाहीतर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतील. सलग ढगाळ दिवसांतही शेण टाकू नये.

ज्यांच्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे त्यांनी विशेष ध्यान द्यावे. तिथे चिखल नाही, म्हणून शेवाळ आणि किडे कमी, आणि मासा आपण दिलेल्या खाद्यावरच जास्त अवलंबून. अशा तळ्यात खवट कोंड्याचा फटका दुप्पट बसतो. तिथे शेण थेट न टाकता गोणीत बांधून एका कोपऱ्यात पाण्यात ठेवावे. अर्क उतरला की गोणी काढून घ्यावी.

महिन्याला एकदा वजन करा

माझ्या चुकीतली दुसरी चूक ही, की ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत आम्ही एकदाही जाळे टाकून मासे तोलले नाहीत. खाद्य जाते आहे, म्हणजे मासा वाढतो आहे, असे धरून चाललो. तेव्हा दर महिन्याला वीस-पंचवीस मासे धरा, तोला, हलक्या हाताने परत सोडा. वहीत तारीख, सरासरी वजन आणि महिनाभरात दिलेले खाद्य लिहा. खाद्य वाढते आहे आणि वजन जागच्या जागी आहे, असे दिसले की औषधाच्या दुकानात जाण्याआधी कोंड्याचे पोते उघडा. तरीही कारण कळले नाही तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला तळ्यावर बोलवा.

शेवटचे एक सांगतो. मासा जे खातो तेच त्याच्या मांसात उतरते. जवस आणि हिरवे पाणी मिळालेल्या माशाच्या मांसात ते दुसरे मेदाम्ल आणि त्याच्या पुढची मेदाम्ले साठतात. लहान मुलांच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला तीच लागतात, गरोदर बाईलाही लागतात. तेव्हा सगळा मासा बाजाराला धाडू नका. आठवड्यातून एखाददुसरा घरच्या कालवणातही जाऊ द्या.

थोडक्यात लक्षात ठेवा :

• कोंडा सात ते दहा दिवसांपुरताच आणा. स्वस्त म्हणून साठवू नका.
• कडू, कोमट, उग्र वासाचा कोंडा आणि बुरशीची पेंड तळ्यात टाकू नका.
• दहा किलो खाद्यात तीनशे ग्रॅम जवस, रोजच्या रोज भरडून.
• खुरासणीची पेंड चालते, पण ती जवसाची जागा घेत नाही.
• तळलेले काळे तेल कधीही नको.
• कोपराएवढ्या खोलीवर तळवा दिसेनासा होईल इतके पाणी हिरवे ठेवा.
• महिन्याला एकदा मासे तोला आणि वहीत लिहा.

मुरबाडच्या त्या काका-काकूंकडे आता बारा पोती एकदम येत नाहीत. दर बाजाराच्या दिवशी एक पोते येते, आणि त्यावर काकू खडूने तारीख घालतात. मी गेलो की त्या पहिल्यांदा पोते दाखवतात, मग पाणी देतात. आपल्याही पडवीतले पोते आज संध्याकाळी एकदा उघडून बघा, एवढीच विनंती.